दोनशे बारा तोंडांतली कुंग

माझी धाकटी बहीण कुंग वारली त्याला तीन वर्षं झाली. तरी थायलंडमधल्या आमच्या महाछायच्या बाजारात ती मला आठवड्यातून चारदा तरी भेटते. मी पाठमोरी उभी राहून कोथिंबिरीची जुडी निवडत असते आणि मागून ती म्हणते, "पी, किलोभर देऊ का?" पी म्हणजे ताई. बाजारात कुणीही कुणालाही पी म्हणतं, त्यात विशेष काही नाही. पण शेवटच्या शब्दाशी आवाज जरासा वर न्यायचा आणि तिथेच सोडून द्यायचा, ही कुंगची खोड. मी वळते. समोर गालांना थनाखाचा पिवळा लेप फासलेली, रबरी बूट घातलेली, ब्रह्मदेशातून आलेली कुणी मोन बाई असते. मी तिच्याकडे टक लावून बघत राहते. तिला वाटतं भाव जास्त सांगितला, आणि ती मुकाट्याने पाच बाट कमी करते.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझं कामच आवाजाचं आहे. मोठी माणसं परक्या देशात जाऊन तिथली बोली कानाने कशी उचलतात, कुठे अडतात, अडली तर काय करायचं, यावर माझी वीस वर्षं गेली. कुंग म्हणायची, "लोक बोलतात, तू ऐकतेस, आणि याचा पगार मिळतो? पी ओइ, माझ्यासाठीही बघ ना असलं काहीतरी." ती धक्क्यावर फेरीबोटीच्या तिकीट-खिडकीत बसायची, दिवसभर लोकांचं ऐकायची, आणि तिला माझ्या निम्म्याहून कमी मिळायचं.

बाजारातलं भूत मात्र मी स्वतः तयार केलंय, तेही अनुदान घेऊन, पावत्या जोडून.

झालं ते असं. महाछायमध्ये कोळंबी सोलणाऱ्या शेडांमधून हजारो मोन आणि बर्मी माणसं काम करतात. थाई भाषेचे चढउतार त्यांच्या कानाला लागत नाहीत. मी त्यांच्यासाठी मोबाइलवरचे पाठ बनवले. हेडफोन लावायचे, वाक्य ऐकायचं, अर्थाच्या चित्रावर बोट ठेवायचं, मग तेच वाक्य म्हणायचं. रोज चाळीस मिनिटं, सहा आठवडे. त्या वाक्यांचा आवाज कुंगचा. दोन महिने दर शनिवारी ती विद्यापीठातल्या ध्वनिबंद खोलीत बसली आणि चौदाशे वाक्यं वाचून गेली. मोबदल्यात मी तिला नूडल्स खायला घातल्या. त्या ऑगस्टमध्ये तिला डेंग्यू झाला आणि नऊ दिवसांत सगळं संपलं.

पाठ जोडायला मी बसले ती तिला जाऊन शंभर दिवस झाल्यावर. खरं तर आठ आवाज वापरायचे ठरले होते. माझे गुरू, वनलोप आचान, म्हणजे वनलोप सर, यांनी प्रस्तावावर लाल पेनाने लिहून दिलं होतं की एकाच आवाजावर कान तयार केला तर तो कान त्या आवाजापुरताच कामाचा राहतो. बसड्रायव्हर घे, म्हातारी घे, तोंडात घास ठेवून बोलणारा घे. या क्षेत्रात नवशिक्या विद्यार्थ्यालाही हे माहीत असतं. बाकीचे सात आवाज मी मुद्रित केलेही होते. पण जोडताना कुंगच्या एका वाक्यानंतर दक्षिणेतल्या सोंखलाच्या बसड्रायव्हरचं वाक्य आलं आणि मला वाटलं, तिच्या अंथरुणावर कुणी परका माणूस येऊन बसला. मी त्याला काढला. मग म्हातारीला काढलं. संध्याकाळपर्यंत सातही जण गेले होते आणि खोलीत आम्ही दोघीच होतो. खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

सहा आठवड्यांनी चाचणी घेतली. चाचणीतही कुंगच बोलत होती. शंभरातली एक्क्याण्णव वाक्यं शिकणाऱ्यांना अचूक कळली. पेपर छापून आला, लोकांनी कौतुक केलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एकच आवाज वापरला हे लिहिलं होतं, चाचणीही त्याच आवाजात घेतली हेही लिहिलं होतं, चौथ्या पानावर, बारीक टायपात. वनलोप आचाननी वाचून इतकंच विचारलं, की ओइ, बाकीचे सात कुठे गेले? मी म्हटलं, पुढच्या टप्प्यात. त्यांनी चहा मागवला.

तीन वर्षांत दोनशे बारा माणसं ते पाठ शिकून बाहेर पडली. दोनशे बारा तोंडांत कुंग गेली. वाय ख्रूच्या दिवशी, म्हणजे शिष्यांनी गुरूला फुलं वाहायच्या गुरुवारी, शेडमधल्या बाया मोगऱ्याच्या माळा घेऊन आल्या आणि विचारायला लागल्या, की ख्रू कुंग कधी येणार, आम्हाला त्यांच्या पायाशी बसायचंय. मी सांगितलं, त्या लांब असतात. ती वारली आहे हे मी एकालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर अर्ध्याजणींनी हेडफोन कानाला लावले नसते. असं मी स्वतःला पटवलं होतं. माळा घरी आणल्या आणि आईला म्हटलं, विकत घेतल्या.

सगळ्यांत हुशार निघाली होंसा. तिशीची, सडपातळ, बोलण्याआधी क्षणभर थांबणारी. तिचे चाचणीतले गुण सत्त्याण्णव. ती 'भात' म्हणाली की मी हातातलं काम टाकून ऐकायचे. तिच्या स्वच्छ बोलण्यामुळे तिला दुपारनंतर धक्क्याजवळच्या सुक्या मासळीच्या दुकानातही काम मिळालं. आईला तिचा पत्ता कुणी दिला मला माहीत नाही. एकदा स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं तर सुक्या माकुलाची पाकिटं अंगावर कोसळली. आईला दात नाहीत, माकूल चावायचं कशाने? विचारलं तर म्हणाली, स्वस्त होतं. ती रोज चार वाजता काठी टेकत धक्क्यावर जात होती. आम्हा दोघींनाही एकच गोष्ट हवी होती, मग बोलायचं काय?

मार्चमध्ये अनुदान देणाऱ्या समितीचं पत्र आलं. माझे पाठ आणखी चार प्रांतांत न्यायचे होते, नऊ हजार माणसांसाठी. शुक्रवारी सादरीकरण. ते पार पडलं की सहयोगी प्राध्यापकपद अगदी हाताशी होतं, आणि कुंग नऊ हजार तोंडांत जाणार होती. मी त्या आनंदात होते. हे लिहायला लाज वाटते, पण होते.

सादरीकरणाला आठ दिवस असताना होंसाच्या उजव्या हाताची दोन बोटं बर्फ फोडायच्या यंत्रात गेली.

मी शेडवर पोचले तेव्हा मुकादम लुंग तेप बादलीने फरशी धूत होता. दक्षिणेकडचा माणूस, पन्नाशीचा, बोलतो तेव्हा शब्द एकमेकांच्या पाठीवर चढतात. यंत्रात बर्फाची लादी अडकली होती. होंसा ती मोकळी करत होती आणि त्याला बटण दाबायचं होतं.

"आचान, मी तीनदा ओरडलो," तो म्हणाला. "हात काढ, चालू करतोय, हात काढ. पोरीनं माझ्याकडं बघितलं. हसली. आणि 'हो' म्हणाली. इतकी स्वच्छ 'हो' म्हणाली की विचारू नका. माझी बायकोसुद्धा इतकं स्वच्छ बोलत नाही."

"मग?"

"मग काय? दाबलं बटण. दुसरी कुणी मोन बाई असती तर मी जाऊन हात धरून ओढला असता. त्यांना कळत नाही हे मला ठाऊक आहे ना. पण हिला? ही तर टीव्हीवाल्यांसारखी बोलते हो. हिला कळलं नसेल असं वाटेल कुणाला?"

त्याने बादली खाली ठेवली आणि तिथेच उकिडवा बसून रडायला लागला. त्याचं सांत्वन मी कुठल्या तोंडाने करणार होते? ते 'हो' माझं होतं. पाठ क्रमांक दोन: समोरच्याने काही सांगितलं की हसून 'हो' म्हणावं. कुंगने ते अकरा वेळा म्हटलं होतं आणि मी त्यातलं सगळ्यांत गोड निवडलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी कपाटातून ते सात आवाज काढले आणि मोन बायांच्या वस्तीवर गेले. चार दिवसांत चोवीसजणींना एकेक करून हेडफोन लावले. वाक्यं तीच, बोलणारे वेगळे. कुंगच्या आवाजात एक्क्याण्णव असलेला आकडा सत्तेचाळीसवर आला. ड्रायव्हरच्या आवाजाशी तर काहीजणींनी हेडफोनच काढून ठेवले आणि माझ्याकडे बघून हसल्या, गोड, अगदी पाठात शिकवल्यासारख्या. तीन वर्षं मी या बायांना थाई शिकवली असं समजत होते. मी त्यांना फक्त माझी बहीण शिकवली होती.

तोवर होंसा इस्पितळातून आली होती. हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला. मी म्हटलं, तू राहू दे. तिने ऐकलं नाही, डाव्या हातानेच हेडफोन चढवले. ड्रायव्हरची वीस वाक्यं तिने डोळे मिटून ऐकली. सात बरोबर आली.

"आचान, ही पण थाईच का?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

"मग मी शिकले ती कुठली?" आणि मग म्हणाली, "ख्रू कुंग माझ्यावर रागावतील. सत्त्याण्णव गुण मिळवलेली मुलगी, आणि साधं 'हात काढ' कळलं नाही. त्यांना सांगू नका."

हे ती कुंगच्या आवाजात म्हणाली. शेवटी आवाज जरासा वर, आणि तिथेच सोडलेला. मग मात्र मला राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. कुंग माझी बहीण, कुंग नाही, तीन वर्षं झाली. चूक तुझी नाही, माझी आहे, हेही सांगितलं. होंसा ओरडली नाही, मला दोषही दिला नाही. तिने फक्त कानावरचे हेडफोन काढले, पट्टीवर ठेवले आणि डावा तळहात तोंडावर धरला. तीन वर्षं आपण मेलेल्या बाईच्या आवाजात बोलतोय हे ज्याला अचानक कळतं त्याने तोंडाचं काय करायचं? तिने त्यानंतर माझ्याशी थाईत एक शब्द काढला नाही. शेजारणीला मोनमध्ये काहीतरी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शुक्रवारपर्यंत माझ्याकडे तीन दिवस होते. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. अपघात सगळ्याच शेडांत होतात. सात आवाजांची चाचणी मी कुणाला विचारून घेतली नव्हती, ते कागद माझ्याच पिशवीत होते. आणि सांगायचं म्हणजे काय, तर कुंगला आतापर्यंत मीच जिवंत ठेवलं होतं, तिला मीच बाहेर काढायचं. नवे पाठ होतील, त्यात नवे आवाज येतील, या बाया हळूहळू ड्रायव्हरसारखं, म्हातारीसारखं, आपापसांत मिसळून बोलायला लागतील. वर्षा-दोन वर्षांत बाजारात मागून कुणी तसं 'पी' म्हणणार नाही. आई चार वाजता धक्क्यावर जाईल आणि हात हलवत परत येईल. मी त्या तीन दिवसांत दोनदा ती आकडेवारी फाडायला घेतली, हे खरं आहे.

शुक्रवारी मी समितीपुढे दोन आकडे ठेवले, एक्क्याण्णव आणि सत्तेचाळीस, आणि मधलं सगळं सांगितलं. होंसाच्या बोटांचंही. एका सभासदाने विचारलं, की एका अपघातावरून इतकं मोठं अनुमान काढता येईल का? मी म्हटलं, अपघातावरून नाही, पेपरच्या चौथ्या पानावरून काढता येतं, ते मी लिहिलेलं आहे आणि मला ते लिहिताना माहीत होतं. चार प्रांतांचं काम थांबलं. माझ्या बढतीचा अर्ज मी बाहेर पडतानाच परत मागून घेतला. वनलोप आचान जिन्यापर्यंत सोबत आले. उशीर केलास, म्हणाले, आणि माझी पिशवी स्वतः उचलून रिक्षात ठेवली.

घरी आई पेज खात होती. मी तिच्यासमोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं, की पाठातून कुंगचा आवाज मी काढतेय. तुला रडायचं असेल तर रड, मला चार शब्द सुनवायचे असतील तर सुनव.

आईने वाटी पुसून खाल्ली. "काढ की," ती म्हणाली. "मला कशाला विचारतेस?"

"तू रोज जात होतीस. होंसाकडे."

"जात होते. त्या पोरीला सासू नाही, आई नाही, उन्हात उभी असते. आणि मला म्हणे 'आजी, सावकाश जा'. बरं वाटायचं." तिने वाटी बाजूला सरकवली. "तू काय समजलीस? तिच्या तोंडून मी कुंगला ऐकायला जात होते?"

मी तिची वाटी उचलली आणि परत तिथेच ठेवली.

"ओइ, ती कुंग नव्हे गं. कुंग कधी असं बोलली? ती बोलायची म्हणजे निम्मं गिळायची, निम्मं नाकातून. तिकिटाच्या खिडकीत बसून लोकांच्या आया काढायची. हा तर तिनं तुझ्यासाठी लावलेला आवाज आहे. शनिवारी सकाळी आरशासमोर उभी राहून लावून बघायची. मला म्हणायची, पी ओइला चांगलं वाटलं पाहिजे, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे."

मी उठले आणि संगणक उघडला. चौदाशे वाक्यं, प्रत्येक वाक्य दोन्ही बाजूंनी कातरलेलं. कुंग त्या खोलीत एका बैठकीला तीन तास बसायची. वाक्यं वाचून होत पाऊण तासात. उरलेल्या वेळात ती बोलत होती, खुर्चीला शिव्या घालत होती, फेरीबोटीवरच्या कुणाची तरी नक्कल करत होती, हसत होती, मला लवकर आटप म्हणून ओरडत होती. भराभर, नाकातून, निम्मं गिळून. तो सगळा आवाज यंत्रात उतरला होता. होंसाच्या कानाला नेमका तोच हवा होता. तो कानावर पडला असता तर लुंग तेपची आरोळी तिला ओळखीची वाटली असती. आमच्या कामात त्याला कचरा म्हणतात. वाक्याच्या आधीचं आणि नंतरचं कापायचं, डिस्क भरली की पुसायचं. मी शिस्तीची बाई. मी दर रविवारी पुसत होते. तेव्हा कुंग जिवंत होती आणि मला घाई होती.

मी तरी सगळे फोल्डर पाहिले, जुने लॅपटॉप पाहिले. कुठेच काही नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "ती कशी बोलायची ते बोलून दाखव."

आई आधी नको म्हणाली. मग तिने ओठ पुसले, मान जराशी तिरपी केली आणि एकदम बोलली, तीन-चार शब्द, भरकन, नाकातून, शेवटी एक शिवी. बोलल्यावर तिचा चेहरा असा फुलला की कुंग दारात आल्यासारखी तिने दाराकडे पाहिलं. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मी थांबले. आता आठवेल, आता आतून काहीतरी हलेल, म्हणून वाट पाहिली. सेहेचाळीस वर्षांतली एकोणचाळीस वर्षं मी तो आवाज रोज ऐकला होता. पण तीन वर्षं माझ्या कानात फक्त ती चौदाशे वाक्यं होती. आई काय म्हणाली हे मला कळलं नाही.

"आलं ना ध्यानात?" आईने विचारलं.

मी हसले आणि म्हणाले, "हो."